सासूबाईंचा अंगरखा

९ नोव्हेंबर

सहासष्टावं देऊळ. चढ सरता सरेना. वर जायला रोपवे आहे, लोक दहा मिनिटांत पोचतात. पण सासूबाईंनी निघतानाच बजावलं होतं – "गाडी नाही, रोपवे नाही. तुझ्या पायांनी जा." स्वतः मात्र पासष्ट देवळं बसने केली! दर वसंतात गावातल्या बायकांबरोबर चार-पाच दिवस, हसत-खिदळत, डबे बांधून. आणि मी मागे संत्र्यांच्या उतारावर फांद्या छाटत.

आता त्यांचे गुडघे गेले, तर अठ्ठ्याऐंशी देवळांच्या यात्रेतली उरलेली तेवीस माझ्या माथी. तीही ऐन तोडणीत. नणंद येऊन राहिली आहे, आईला बघायला आणि संत्री उतरवायला. दारात पाय ठेवता ठेवता रित्सुको म्हणाली, "वहिनी, परत ये बरं का. माझं नाही पटायचं आईशी फार दिवस." दहा दिवसांचं तर काम गं, म्हटलं. मी तेहतीस वर्षं पटवून घेतेय.

शिक्क्याच्या खिडकीवरच्या माणसाने अंगरखा उलगडला, बोटाने सहासष्टची जागा शोधली, शिक्का मारला, वर कागद ठेवला. लालभडक.

"कुणाचा?"

"सासूबाईंचा."

"नशीबवान आहेत," म्हणाला.

आहेतच.

वजन काहीच नाही त्याला. साधं पांढरं सुती कापड, सासूबाईंनी हाताने शिवलेलं, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेलं. घालायचा नाही, मळवायचा नाही, धुवायचा तर नाहीच. अठ्ठ्याऐंशी शिक्के झाले की खणात ठेवून द्यायचा, आणि माणूस गेलं की अंगावर चढवून शेवटच्या पेटीत निजवायचं. म्हणजे मी मरणाची तयारी पाठीवर घेऊन हिंडतेय. दुसऱ्याच्या.

१० नोव्हेंबर

पायाला दोन फोड. बाकी काही लिहावंसं वाटत नाही.

११ नोव्हेंबर

सासूबाईंचा फोन. कसली चौकशी नाही, की जेवलीस का, पाय कसे आहेत. "चिठ्ठ्यांवर कुणाचं नाव लिहितेस?"

देवळात टाकायच्या, वाटेत कुणी काही खायला दिलं तर त्याला द्यायच्या – त्या चिठ्ठ्या. म्हटलं, "तुमचं. आणखी कुणाचं?"

"तुझं लिही. चालणारी तू."

"यात्रा तुमची आहे, आई."

"बरं, लिही काय लिहायचं ते."

या बाईने माघार घेतलेली मी पहिल्यांदाच ऐकली. विजय झाल्यासारखं वाटलं. दुपारी एका देवळात पाच चिठ्ठ्या टाकल्या, पाचही त्यांच्या नावाच्या, ठसठशीत अक्षरात.

१२ नोव्हेंबर

आजच्या मुक्कामाची मालकीण जेवायला वाढताना म्हणाली, "सासूसाठी पायी? हल्ली अशी सून बघायला मिळत नाही हो." शेजारच्या ताटावरचे दोघे माझ्याकडे वळून बघायला लागले. मी लोणच्यातच बघत राहिले.

हिला काय सांगू?

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंना न्यूमोनिया झाला. डॉक्टर मला बाहेर घेऊन म्हणाले, वसंत बघतील असं सांगता येत नाही. मी हो-हो केलं, नमस्कार केला, आणि दवाखान्यातून निघून सरळ पडद्यांच्या दुकानात शिरले. सासूबाईंच्या खोलीला दक्षिणेची खिडकी आहे, घरातली एकुलती एक ऊन येणारी. दुकानदाराने माप विचारलं. मी सांगितलं. माप मला तोंडपाठ होतं! तिकडे त्या नळीतून श्वास ओढत होत्या, इकडे मी हिरवा बरा की पिवळा ते बघत होते.

पडदा घेतला नाही. वसंत आला, त्याही आल्या, काठी टेकत, संत्र्याच्या फुलांत उभ्या राहून मला नावं ठेवत. पण माप सांगितलं होतं ते सांगितलंच होतं.

हे कुणाजवळ बोलायचं? नवऱ्याला, इसामुला, जाऊन सहा वर्षं झाली. मूलबाळ नाही. त्या घरात आम्ही दोघीच, एकमेकींच्या तोंडाकडे बघत. मला फक्त एक खोली हवी होती, उन्हाची.

१३ नोव्हेंबर

जेवायच्या आधी लिहून टाकते. नाहीतर घास उतरायचा नाही.

सकाळी सहाला फोन. मी बुटाच्या नाड्या बांधत होते. "घड्या नीट घालतेस ना? शिक्क्याला शिक्का लागू देऊ नकोस. आणि पिशवीचं तोंड –"

माझा तोल गेला. म्हटलं, "आई, तुमचे मरणाचे कपडे मी माझ्या जिवापेक्षा जास्त जपतेय. आणखी काय करू?"

पलीकडे रित्सुको भांडी आपटत होती ते ऐकू येत होतं. मीच फोन ठेवला.

त्या तिरीमिरीत निघाले. रेनकोट मुक्कामाच्या घरी खुंटीवर राहिला. लक्षात आलं तेव्हा ऐंशीवं देऊळ आटोपून डोंगर अर्धा चढले होते आणि आभाळ भरून आलं होतं. परत फिरायला हवं होतं. फिरले नाही. फिरले असते तर पुढचं काहीच झालं नसतं.

एक्याऐंशीव्याचा शिक्का घेतला. तिथून ब्याऐंशीची वाट झाडीतून जाते. पाच किलोमीटर, मध्ये माणूस नाही. अर्ध्यावर पावसाने गाठलं. दहा मिनिटांत आतपर्यंत चिंब. वर वारा. बोटं वाकेनात, या यात्रेचे संत दाइशी, त्यांच्या नावाची काठी दोनदा हातातून सुटली. यात्रेकरूंसाठी एक लाकडी आडोसा बांधलाय, त्यात जाऊन बसले. दातावर दात वाजत होते. फोनला रेंज नाही. माझ्याजवळ कोरडं असं एकच होतं.

आधी म्हटलं, नुसता खांद्यावर टाकू. मग ओले कपडे काढले आणि उघड्या अंगावर चढवला.

डावी बाजू वर घेतली, जिवंत माणूस घेतो तशी. मेलेल्याला उजवी वर घेऊन गुंडाळतात. म्हणजे एवढं भान होतं मला. नकळत झालं असं म्हणायची सोय नाही.

ऊब आली. आणि काय सांगू, अंगात बसला. बाह्या बरोबर मनगटापर्यंत, खांदे खांद्यावर. सासूबाई माझ्या खांद्याला लागतात. त्यांना हा पायघोळ होईल. मला रागच आला. चिंधीसुद्धा न टाकणारी बाई, शिवणकामात जन्म गेला, आणि स्वतःसाठी एवढं कापड? मेल्यावर मिरवायचंय कुणापुढे? हे मी त्यांच्याच कापडात शिरून म्हणत होते.

पाऊस थांबला. तेव्हा तरी काढायचा. पण ते ओलं गार पुन्हा अंगावर घ्यायचं जिवावर आलं. म्हटलं वाटेवर चिटपाखरू नाही, कोण बघतंय. खाली ओली पँट, वर अंगरखा, तशीच निघाले.

झाडी संपून वाट डांबरी रस्त्याला लागते तिथे एक घर आहे. म्हातारा वळचणीला मुळे वाळत टांगत होता. ऐंशीच्या पुढचा. मला बघितलं, हातातला मुळा खाली ठेवला आणि कमरेत वाकला. अगदी खाली.

"एक्याऐंशी शिक्के," म्हणाला. "सगळी पायी?"

मी म्हटलं, "हो."

का म्हटलं? आता हजारदा विचारतेय स्वतःला. माझ्याकडे कुणी कधी तसं बघितलं नव्हतं, हे एक. आणि नुसतं हो म्हणून थांबले नाही. मान जरा झुकवली, नम्रपणाने. शी.

"बायको आत आहे," तो म्हणाला. "उजवी बाजू गेलीय, दोन वर्षं झाली. तुमची बाही तिच्या हातावरून एकदा फिरवाल का? एकदाच."

शिक्क्यांच्या कापडाने दुखणं उतरतं म्हणतात. आमच्याकडेही म्हणतात. मला तेव्हाच सांगता आलं असतं की हे माझं नाही. मी गेले आत.

त्याची बायको, योने-सान, खिडकीशी निजली होती. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण केस नीट विंचरलेले. त्यानेच विंचरले असणार, भांग वाकडा होता. मी तिचा हात मांडीवर घेतला. दगडासारखा गार. कोपरापासून बोटांपर्यंत तीनदा बाही फिरवली आणि दाइशींचं नाव पुटपुटले. मोठ्या भक्तिणीसारखी! तिच्या एकाच डोळ्यातून पाणी आलं. काहीतरी म्हणाली. म्हाताऱ्याने मला समजावून सांगितलं, "ऊब वाटली म्हणते."

ऊब होतीच. मीच थंडीने मरत होते म्हणून घातला होता तो.

निघताना त्याने भाजलेलं रताळं वर्तमानपत्रात बांधून दिलं. वाटेवर कुणी दिलेलं नाकारायचं नसतं. मी चिठ्ठी दिली, सासूबाईंच्या नावाची. त्याने दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावली. "माझं नाव शिगेझो," म्हणाला. "आमची आठवण ठेवा पुढच्या देवळात."

मी जवळजवळ पळालेच. लाज वाटत होती आणि भूकही लागली होती, दोन्ही एकदम. चालता चालता रताळं खाल्लं, जीभ पोळली. ओल्या पानांवरून पाय सरकला आणि पाठीवर आपटले.

उठून अंगरखा काढला. पाठीवर, बरोबर मधोमध, तळहाताएवढा चिखल. आणि एक्याऐंशीचा ताजा शिक्का पुसटून शेजारच्यापर्यंत गेला होता, जखम चोळल्यासारखा. आडोशात कपडे बदलताना मधला कागद उडाला ते मला दिसलंही नव्हतं. रस्त्याच्या कडेला उकिडवी बसले आणि हमसून रडले. सासूबाईंसाठी नाही. आता त्यांना काय सांगू, म्हणून.

ब्याऐंशीव्या देवळात खिडकीवर एक बाई होत्या. त्यांनी अंगरखा उलगडला. बराच वेळ बघत राहिल्या.

"कुणी घातला होता का?"

"छे. पिशवीत पाणी गेलं."

देवळात उभी राहून. पाणी गेलं की चिखल होतो का?

त्यांनी शिक्का मारला, केस वाळवायच्या यंत्राने सुकवला, कागद घातला. मग म्हणाल्या, "चिखलाला आत्ता हात लावू नका. पूर्ण वाळू द्या, मग हलकेच झटका." एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१४ नोव्हेंबर

त्र्याऐंशी झालं. चिखल झटकला. माती गेली, पिवळट डाग राहिला. धुता येत नाही, शिक्के जातील. हा डाग आता त्यांच्या पाठीला लागून जाणार.

फोन केला. सासूबाईंनीच उचलला.

"पाऊस होता का तिकडे?"

"थोडा."

"कापड?"

"कोरडं आहे."

"आणि तू?"

"मी काय, बरी आहे."

"मिसाओ," म्हणाल्या, आणि थांबल्या. मग, "ठेवते. रित्सुको करपवतेय काहीतरी."

त्या सकाळच्या बोलण्याचा विषय ना त्यांनी काढला, ना मी. तीन खोटी झाली. म्हाताऱ्याशी एक, देवळात एक, घरी एक. आणि जे खरं बोलले ते एकच वाक्य, त्या सकाळचं, फोनवरचं. तेच सगळ्यात वाईट.

१५ नोव्हेंबर

आज पुढे चौऱ्याऐंशीकडे जायचं होतं. बूट घातले आणि पाय उलटे वळले. आले त्याच वाटेने चार तास मागे, डोंगर चढून. समोरून येणारा एक यात्रेकरू म्हणाला, "ताई, वाट चुकलात." हो, म्हटलं.

शिगेझो-सान अंगणातच होता. मुळेच. "काही विसरलात?"

उभ्या उभ्या सांगून टाकलं, नाहीतर धीर सुटला असता. कापड माझं नाही. सासूचं आहे, मरणाचं. घालायचं नसतं ते मी घातलं. पासष्ट देवळं तिने बसने केलीत, मी तोवर फक्त सोळा चालले होते. खोटं बोलले. तुमच्या बायकोच्या हाताशी खोटं बोलले.

तो मुळ्यांची दोरी बांधतच होता. "बूट," म्हणाला.

"काय?"

"तुमच्या टाचा झिजलेल्या नाहीत. एक्याऐंशी देवळं चाललेल्या बाईचे बूट असे असतात होय? साठ वर्षं या रस्त्यावर राहतोय मी."

"मग एवढं वाकून नमस्कार कशाला केलात?"

"कापडाला केला. तुम्हाला कशाला करू?"

मी माझ्या बुटांकडे बघितलं.

"तिला कुणीतरी हात लावायला हवा होता," तो म्हणाला. "पहिले शेजारी आत येऊन बसायचे. आता दारातूनच विचारतात कशी आहे, आणि दारातूनच मुळे घेऊन जातात. तुम्ही हात मांडीवर घेतलात. मला तेवढं पुरे होतं." मग आवाज उतरवून, "पण तिला यातलं काही सांगू नका. परवापासून म्हणते दोन बोटं हलतात. हलत नाहीत. पण म्हणते."

आत गेले. योने-सानने डाव्या हाताने उजवा उचलून माझ्यापुढे धरला. कापड आणलंय का, असं काहीतरी म्हणाली. पिशवीतून काढलं, अंगावर घेतलं नाही, तिच्या हातावर नुसतं पसरलं. डाग आतल्या बाजूला ठेवला. ती आपल्या बोटांकडे बघत राहिली. मीही. शिगेझो-सान दारात उभा राहून बघत होता.

"हललं," म्हणाली.

"हललं," मी म्हटलं.

माफी मागायला गेले आणि चौथं खोटं बोलून आले. पण हे बोचत नाही. का, ते कळत नाही.

निघताना तो फाटकापर्यंत आला. "सासू आहे ना अजून?"

"आहे."

"मग तिला जाऊन सांगा की. मला सांगून काय उपयोग? माझं काय गेलं?"

१६ नोव्हेंबर

तीन देवळं. दिवसभर एकच चाललंय डोक्यात – कुठून सुरुवात करायची. पडद्यापासून की पावसापासून.

१७ नोव्हेंबर

अठ्ठ्याऐंशीवं. शेवटचा शिक्का. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, फोटो काढत होते. यात्रा पुरी झाली म्हणून काठी देवळात ठेवताना एक माणूस लहान मुलासारखा रडला. मी अंगरखा घेऊन पायरीवर बसले. कागद बदलले, घड्या घातल्या, जशा त्या सांगतात तशा. डागाची घडी वर ठेवली. उघडताच दिसू दे.

घरी फोन केला नाही. फोनवर सांगितलं तर मी पुन्हा "कोरडं आहे"च म्हणेन.

१८ नोव्हेंबर

घरी. रित्सुको उतारावर होती, सासूबाई खिडकीशी, उन्हात. समोर बसले आणि सगळं सांगितलं. अंगात घातला, पडले, खोटं बोलले. पडद्याचं मापसुद्धा सांगितलं. त्यांनी डाग बोटाने चाचपला, एक्याऐंशीचा फिसकटलेला शिक्का डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाल्या, "माझ्या कपाटाचा खालचा खण उघड." तेहतीस वर्षांत त्याला मी हात लावला नव्हता. आत एक अंगरखा होता. जुना, पिवळा पडलेला, छोटासा. अठ्ठ्याऐंशी शिक्के, प्रत्येकावर कागद. "तो माझा," म्हणाल्या. "तू या घरात यायच्या आधीच पुरा झालाय. हा तुझा. तुला पोर ना बाळ, तुझ्यासाठी कोण करणार होतं? अठ्ठ्याऐंशी करणार होते, पासष्टवर गुडघे गेले. आधी सांगितलं असतं तर गेली असतीस का तू?" त्यांनी अंगरखा घडीवर घडी घालून माझ्या मांडीवर ठेवला आणि विचारलं, "बाह्या पुरल्या का?"

पुरल्या, म्हटलं.